सत्तर पैशांचा दगड

हमीद इब्राहीम तांबोळी, मुक्काम पौड, तालुका मुळशी. या माणसामुळे मी जिवंत आहे, हे पहिल्यांदा लिहून टाकतो. काय झालं आणि कसं झालं ते मागाहून येईल. मला बोलताना वाट सोडायची खोड आहे. बोलत गेलो, भरकटलो, आणि नावच राहून गेलं तर? या धास्तीनं नाव आधी. आम्ही सगळे त्यांना कप्तान म्हणायचो.

पहिल्या भेटीत कप्तानांनी माझ्या दोन बरगड्या मोडल्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. उरवड्याच्या वरच्या अंगाला एक लांबट माळ आहे. तिथं एका कंपनीनं फवारणीच्या विमानासाठी मातीची धावपट्टी केली होती. खाली खोऱ्यात भात आणि पुण्याच्या पलीकडे ऊस, दोन्हींवर किडीचं औषध मारायला एका पंख्याचं पिवळं विमान इथून उडायचं. माळ खरा आमच्या धनगरांच्या मेंढरांचा. कंपनीनं तो सरकारकडून भाड्यानं घेतला, मेंढरं कडेला सरकली, आणि मी सातवीत शाळा सोडलेला, लग्न झालेला गडी काम मागायला तिथं जाऊन उभा राहिलो.

पंखा फिरत होता. फिरता पंखा दिसत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नुसती हवा चकाकल्यासारखी वाटते. माझी टोपी वाऱ्यानं उडाली ती थेट विमानाच्या तोंडाशी, आणि मी तिच्यामागं धावलो. तेवढ्यात छातीवर काहीतरी असं येऊन आदळलं की मी उताणा पडलो. विमानाच्या चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा होता तो. पंखाच्या सावलीतून एक बुटका, जाड मानेचा, मिशाळ माणूस आला. माझ्याकडे बघितलंही नाही. माझी टोपी उचलली आणि पंख्यात फेकली. टोपीचा भुगा झाला.

“बघितलंस?” तो म्हणाला. “त्यात तुझं टक्कुरं असतं. नाव काय?”

मला श्वास घेता येत नव्हता. शेजारच्यानं सांगितलं, “सखाराम.”

“सख्या, उद्यापास्नं कामाला ये. ज्याला एकदा भ्या बसलं त्यो परत चुकत न्हाई.”

मग स्वतः जीप काढून मला पौडला डॉक्टरकडे नेलं. वाटेत खड्डा आला की मी ओरडायचो, आणि कप्तान म्हणायचे, “वरड, वरड. मेलेलं मानूस वरडत न्हाई.”

पौडच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं तंबाखूचं दुकान. तिथून हा माणूस हवाई दलात गेला, वैमानिक झाला, आणि एका वरच्या साहेबाच्या थोबाडीत दिली म्हणून बाहेर पडला. असं ते स्वतःच सांगायचे; खरं-खोटं मला माहीत नाही. पण थोबाडीत देण्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. विमानाजवळ विडी ओढणाऱ्याला ते आधी मारत, मग विडी विझवत. औषधाचा डबा तोंडाला फडकं न बांधता उघडला तर मानगूट धरून तोंड मातीत दाबत. “जीव तुझा हाय, पण हितं त्यो माझ्या ताब्यात हाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांना दोन जिभा होत्या. आमच्याशी पौडची बोली, शिव्यांसकट. कंपनीच्या लोकांशी पुण्याची मराठी, स्वच्छ, थंड. गंमत अशी की शिव्या चालू असल्या की आम्ही निवांत असायचो. कप्तान शुद्ध बोलायला लागले की सगळे दोन पावलं मागं.

मी डबे वाहायचो, टाकी भरायचो, आणि भरून झालं की बाजूला उभा राहून विमान उडताना बघायचो. एक गोष्ट मला छळायला लागली. विमान तेच, माळ तोच, पण एखाद्या दिवशी ते सुरुवातीलाच उचललं जाई आणि एखाद्या दिवशी कड्याशी जाईपर्यंत जमीन सोडत नसे. एकदा जेवताना धीर करून विचारलं, “कप्तान, कधी उडायचं ते तुमी ठरवता का इमान?”

त्यांनी भाकरी संपवली, हात धुतला, आणि मला जीपच्या मागच्या हौद्यात उभं केलं. कमरेला दोर बांधून दांडीला आवळला आणि हातात दाराएवढी प्लायवूडची फळी दिली. “दोन्ही हातांनी आडवी धर. म्होरची कड जरा वर. सोडलीस तर उतरून मारीन.”

जीप हळू होती तोवर फळी नुसतं ओझं होती. वेग वाढला तशी ती हलकी होत गेली, मग माझे हातच वर ओढायला लागली. मला हसू यायला लागलं. पुढून आवाज आला, “आता येग कमी करतुया. फळी खाली यायची न्हाई. कड अजून वर कर!” मी केली. फळी तरंगत राहिली. “अजून कमी! अजून वर कर!” मी आणखी वाकवली आणि एकदम कोणीतरी हात सोडावा तसं झालं. वर ओढणारा जोर गेला, वारा फळीच्या पोटावर आपटला आणि फळी माझ्या थोबाडावर. ओठ फाटला, एक दात हलला.

कप्तान जीप थांबवून मागं आले. “काय झालं?”

“फळीनं थोबाड फोडलं.”

“फळीनं न्हाई रं, हवेनं. येग कमी झाला, तर तू तिच्याकडं जास्ती मागितलंस. तिनं थोडं दिलं, आन् मग हात सोडला. परत्येक पंखाला असा एक येग असतो, त्याच्या खाली गेलं की हवा हात सोडती. उडायचा येग त्याच्या थोडा वर. बस.”

मग फळीला वाळूची पिशवी बांधली. तीच फळी आता उचलायलाच तयार नव्हती. जीप जोरात दामटली तेव्हा कुठं हलकी झाली. मग वाऱ्याच्या तोंडावर गेलो, तर हळू जीपवरही फळी उठली. वाऱ्याला पाठ देऊन आलो, तर मीटरचा काटा पुढं पळाला तरी फळी मेल्यासारखी. तोंडातलं रक्त मी बाहीला पुसत होतो आणि कप्तान स्टिअरिंगवरून मान वळवून बोलत होते. “जमिनीवर किती जोरात पळतुयास ह्याला हवा इचारत न्हाई. तिच्या अंगावर किती जोरात येतुयास ते इचारती. आन् दुपारी ती पातळ असती, ताकात पाणी घातल्यागत. फळीवर तुला ते कळायचं न्हाई, पर इमानाला कळतं. इंजिनबी दमतं, पळायबी जास्ती लागतं. येग मी ठरवत न्हाई, सख्या. वजन ठरवतं, हवा ठरवती. मी फकस्त इचारतो, आन् त्यांनी सांगितलं त्ये ऐकतो.”

घरी गेल्यावर बायकोनं तोंड बघून विचारलं, कुणाशी मारामारी केली? मी म्हटलं, शाळेत गेलो होतो.

दगडाचं आता सांगितलं पाहिजे. धावपट्टीच्या बरोब्बर मध्यावर डाव्या कडेला कप्तानांनी एक दगड ठेवला होता, बसलेल्या शेळीएवढा. तो दर आठवड्याला चुन्यानं रंगवायचं काम माझं. विमान उभं असताना शेपूट खाली आणि नाक वर, त्यामुळे पळायला लागल्यावर समोरचं काही धड दिसत नाही. बाजूनं पांढरं काही सर्रकन गेलं की दगड आला, एवढंच कळतं. त्या क्षणी कप्तान वेगाच्या काट्याकडे बघत. “उडायचा येग रुपया धर. दगडापाशी काट्यानं सत्तर पैसं दावलं पायजेत. दावलं, तर उरलेल्या अर्ध्यात रुपया पुरा हुतो. साठ दावलं तर तितंच सोडून द्यायचं. थांबाया अर्धा माळ हाय. दगडाच्या म्होरं इचार करायचा न्हाई. म्होरं इचार करनारं समदं मेल्यात.”

एका दुपारी वारा पडला होता. दगडापाशी काटा मागं राहिला आणि त्यांनी इंजिन बंद करून विमान थांबवलं. धूळ खाली बसल्यावर दिसलं, कडेला माझी हिराआत्या शेळ्या घेऊन उभी आहे. वडिलांची चुलत बहीण ती. विधवा, तोंडानं फटकळ, आणि माळावर जन्म गेलेला. ती कितीतरी दिवस हा प्रकार बघत असणार. दुसऱ्या सोमवारी दगडाला शेंदूर लागलेला होता.

मी घाबरून कप्तानांना सांगितलं. त्यांनी म्हातारीला बोलावून विचारलं, “आत्ये, ह्यो काय परकार?”

“काय म्हंजे? इमान पळत येतं, ह्याच्यापाशी आलं की ह्यो हुकूम देतो, मंग वर जातं. परवा ह्यानं न्हाई म्हटलं, तर तुजं येवढं धूड गप उभं ऱ्हायलं. मी डोळ्यानं बघितलं. हुकूम देनारा साधा दगड असतो व्हय?”

कप्तान इतके हसले की खाली बसले. “ह्या म्हातारीला समदं कळलंय रं!” मग मला म्हणाले, “शेंदूर ऱ्हाऊ दे. वरनं चुना मारीत जा. साधा दगड कुनीबी हलवील. देवाला कोन हात लावतंय?”

त्या माणसाची मी पाहिलेली ही पहिली चूक.

पुढे माझी बायको बाळंतपणाला जांब्याला माहेरी होती. मुलगी झाल्याचा निरोप आला म्हणून मी सुट्टी घेऊन गेलो. परतलो त्या दिवशी ऑक्टोबरचं ऊन असं होतं की औषधाचे डबे फडक्यानं धरावे लागत. वारा नव्हता. मी पोचलो तेव्हा टाकीपाशी भांडण पेटलेलं होतं. कंपनीचा सुपरवायझर होता, कुलथे नावाचा. कमी खेपांत काम उरकावं म्हणून त्यानं कप्तान यायच्या आधीच टाकीत जास्तीचे डबे ओतायला लावले होते. कप्तानांनी त्याची मान धरून त्याचा चेहरा टाकीच्या मापाच्या काचेवर दाबला होता.

“वाचा, कुलथे. कुठपर्यंत आहे? मोठ्यानं वाचा.”

शुद्ध मराठी. आम्ही सगळे मागं सरकलो.

कुलथ्याच्या नाकातून रक्त आलं. जास्तीचं औषध परत काढायला लागलं, त्यात वेळ गेला, ऊन चढलं. रोज उडण्याआधी धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालायची, हा कप्तानांचा नेम होता. त्या दिवशी ते चालले नाहीत. रागातच चढले. चढताना मला म्हणाले, “पोरगी झाली म्हनं? पेढा कुटं हाय?” आणि पंखा सुरू झाला.

मी भरण्याच्या जागेवर उभा होतो. आवाजावरून मला अदमास यायचा. विमान पळालं, शेपूट उचललं, पुढं गेलं. आता चाकं सुटतील, आता सुटतील. सुटली नाहीत. धावपट्टीच्या शेवटाकडे एकटी बाभूळ आहे, तीही मागं पडली. कड्याच्या तोंडाशी ते जेमतेम वर उठलं, हातभर, आणि मग माझ्या हातातल्या फळीसारखंच एकदम हात सोडल्यासारखं खाली गेलं. क्षणभर काहीच नाही. मग खालून जो आवाज आला तो लिहिता येत नाही.

खालच्या भाताच्या खाचरात बांधाला चाकं अडकून ते पालथं झालं होतं. औषधाचा आणि पेट्रोलचा वास. आम्ही कप्तानांना ओढून काढलं तेव्हा डाव्या मांडीचं हाड विजार फाडून बाहेर आलं होतं. त्या अवस्थेत ते आम्हाला शिव्या घालत होते. “आधी तोंडं बांधा, भाड्यांनो! औषधात हात घालू नगा!” टाकी एका झटक्यात रिकामी करायचा दांडा असतो, तो ओढला असता तर विमान हलकं होऊन कदाचित तरलं असतं. पुढं कधीतरी मी विचारलं होतं. म्हणाले, “हात दांड्यावर व्हता. खाली बाया गवत कापत व्हत्या. त्यांच्या डोक्यावर ओतू?” तेवढंच.

त्या दिवशी खाचरात पडल्या पडल्या त्यांनी माझी मनगटं धरली. “सख्या, दगडापाशी काटा सत्तरावर व्हता. म्या बघितला. वर जा. दगड कुटं हाय बघ.”

मी कडा चढून धावलो. मध्यावर, जिथं दगड असायचा तिथं, नुसता खळगा होता. दगड बराच पुढं, बाभळीच्या अलीकडच्या उंचवट्यावर बसवलेला. खाली सारवलेला ओटा. हळद, फुटलेला नारळ, ताजा शेंदूर. मध्यावर चाकांची धूळ आणि विमानातून गळणारं औषध देवाच्या अंगावर उडत होतं, म्हणून त्याला कोरड्या, स्वच्छ जागी हलवलं होतं. आदल्या संध्याकाळी वाजतगाजत हलवलं असणार. हे कोणाचं काम ते मला विचारावं लागलं नाही. काट्यानं सत्तर पैसे बरोबर दाखवले होते, पण पुढं रुपया पुरा करायला माळच उरला नव्हता.

मी तिथं उभा असतानाच कुलथ्याच्या दोन पहारेकऱ्यांनी मला मागून धरलं.

धावपट्टीला कुंपण घालायचं काम कुलथ्याचं होतं, आणि ते त्यानं केलं नव्हतं. मेंढरं, माणसं कुठूनही यायची. आता विमान पडलं होतं आणि वरून विचारणा होणार होती. त्याला मुद्दाम दगड हलवणारा एक माणूस हवा होता. मी धनगर, माळ गेलेल्यांपैकी, दगडाचं काम माझं, आणि नेमका इतके दिवस सुट्टीवर. त्यांनी मला औषधाच्या पत्र्याच्या शेडमध्ये घातलं, दार लावलं आणि फवारणीच्या रबरी नळीनं मारायला सुरुवात केली. ती नळी आतून तारेची असते. पाठीवर बसली की आधी काही वाटत नाही. मग कातडी सोलल्यासारखी आग होते.

“कबूल कर. जमिनीच्या रागानं हलवलास. लिहून दे.”

“म्या न्हाई हलवला, सायेब.”

“मग कुणी? नाव सांग.”

मी धीराचा माणूस नाही. हिराआत्याचं नाव माझ्या ओठावर आलं, परत परत आलं. ते बाहेर का पडलं नाही हे मला आजही सांगता येत नाही. एका फटक्याला कानशील फुटलं आणि मग मला वाटलं, सही करून टाकावी. एकदाचं संपेल.

त्याच वेळी माळावरून धावून आलेले माझे चुलतभाऊ कप्तानांना बाजेवर घालून वर आणत होते. कंपनीची जीप शेडच्या पलीकडे उभी होती, आणि किल्ली कुलथ्याच्या खिशात. कप्तानांनी माझा आवाज ऐकला. पुढचं मला भावांनी सांगितलं. ते म्हणाले, “बाज फिरवा. दारावर.” भाऊ म्हणाले, “हमीदभाई, पाय लोंबतुया तुमचा.” ते म्हणाले, “पाय माझा हाय. दारावर धडक मारा. मारा म्हंतो!”

आणि भावांनी मारली. बाजेच्या पुढच्या दोन खुरांनी, वर माणूस असताना. पहिल्या धडकेला कप्तान असे ओरडले की आत नळी थांबली. दुसऱ्या धडकेला पत्र्याचं दार आत आलं. उजेडाबरोबर बाज आत घुसली, कप्तानांनी पडल्या जागेवरून कुलथ्याचा शर्ट धरला, त्याला खाली ओढलं आणि कपाळानं त्याच्या तोंडावर हाणलं. एका पहारेकऱ्यानं नळी उगारली, तर माझ्या थोरल्या चुलतभावानं त्याचा हात असा पिरगाळला की नळी खाली पडली. दुसरा पळाला, तो काठीवाले आणखी चौघे घेऊन दारात परतला.

मग कप्तान शुद्ध बोलायला लागले. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू येत होता. “कुलथे, उडण्यापूर्वी धावपट्टी पाहण्याचं काम वैमानिकाचं. मी ती पाहिली नाही. दगड कोणी हलवला याच्याशी कोणाचा संबंध नाही. हा माणूस माझ्याबरोबर गाडीत येईल.”

कुलथे तोंडाचं रक्त पुसत म्हणाला, “गाडी कंपनीची आहे. यानं सही केली की गाडी निघेल. तुम्हाला हॉस्पिटल हवंय ना? मग याला सांगा सही करायला.”

“मग ठेवा बाज खाली,” कप्तान म्हणाले. “आम्ही इथंच आहोत.”

भावांनी बाज खाली ठेवली. सुंभातून रक्त थेंब थेंब मातीत पडत होतं. पौडची गाडी आणायला एक भाऊ पायी पळाला होता, पण ती कधी येणार? ऊन कलायला लागलं. कुलथे दारात किल्ली हातात घेऊन उभा. माझ्यानं राहवेना. मी रांगत बाजेपाशी गेलो. म्हटलं, “कप्तान, मी करतो सही. माझं काय व्हायचं ते व्हईल. तुमी जावा.”

त्यांनी उरलासुरला जोर लावून माझ्या त्याच फुटलेल्या कानाखाली वाजवली. “सही केलीस तर हात मोडीन. तुला आत टाकतील. पोरगी झालीया न्हवं तुला? तिला काय सांगशील, इमान पाडलं म्हून?”

माळावर बातमी पोचली होती. बायाबापड्या, मेंढके, गवत कापणाऱ्या बाया, सगळे येऊन शेडभोवती उभे राहिले. हिराआत्याही आली. तिला काय झालं ते एका क्षणात कळलं असणार, कारण ती माणसं बाजूला सारत थेट कुलथ्यासमोर गेली आणि हातातली शेळ्या हाकायची काठी त्याच्या गळ्याला लावली. “किल्ली दे, न्हाईतर तुज्या नरड्यातनं काढीन.” मागून पन्नासेक माणसं एक पाऊल पुढं आली. किल्ली मातीत पडली.

जीपमध्ये मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बावधनच्या अलीकडे त्यांची शुद्ध गेली. तोवर शिव्या चालू होत्या, आणि त्या थांबल्या तेव्हा मी रडायला लागलो.

पुण्यात त्यांचा पाय गुडघ्याच्या वर कापला. डॉक्टरांना मी विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, रक्तपुरवठा फार वेळ तुटला होता. लवकर आणलं असतं तर कदाचित वाचला असता. कदाचित. तो शब्द माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. कप्तानांना हे मी सांगितलं तर त्यांनी उशाजवळचा पाण्याचा तांब्या फेकून मारला. “पाय माझा गेलाय आन् रडतुयास तू! तुजं काय गेलं? चल, नीघ.”

चौकशीला साहेब आले तेव्हा कप्तानांनी एकच सांगितलं: धावपट्टी चाललो नाही, चूक माझी. दगड कोणी हलवला असं विचारल्यावर म्हणाले, “माहीत नाही.” विमान उडवायचा परवाना गेला. हिराआत्या एक कोकरू घेऊन पौडला त्यांच्या घरी गेली. दारातच बसली. “हमीदभाई, देव म्या हलवला रं. त्येच्या अंगावर घान उडत व्हती.”

“ठावं हाय.”

“मला मार.”

“मारलं असतं, उठाया येत न्हाई. नारळ फोडलास तवा माझ्या वाटनीचं खोबरं कुटं ठिवलंस, त्ये सांग आधी.”

म्हातारी पदरात तोंड घालून रडली. कोकरू त्यांनी ठेवून घेतलं. त्याला मात्र कधी मारलं नाही.

कुलथे कंपनीतच होता आणि माझ्या मागावर होता. मला मुळशीत ठेवणं बरं नाही, असं कप्तानांनीच ठरवलं. त्यांचा हवाई दलातला एक दोस्त आखातात विमानतळावर होता. त्याच्याकडून त्यांनी मला इथं चिकटवलं. मी आता मोठ्या विमानांच्या पोटात सामान भरतो. सातवी नापासाला याहून काय पाहिजे? बायको-मुलगी जांब्याला आहेत, आणि त्या नीट आहेत. तरी एखादं भरलेलं विमान उन्हात पळायला लागलं की मी हातातलं सामान खाली ठेवतो. इथं वजन, ऊन, वारा सगळ्याचा हिशोब करून वेग आधीच काढतात, सगळं कागदावर असतं. तरी चाकं सुटेपर्यंत मी जागचा हलत नाही. मुकादम ओरडतो. ओरडू दे.

गावाकडून येणारे कप्तानांची खबर आणतात. वडिलांच्या दुकानात बसतात, कुबडी शेजारी. सिगारेट मागणाऱ्या शाळेच्या पोरांना तराजूतलं वजन फेकून मारतात. पुण्यात त्यांना एक पाय करून दिला होता, पण त्याला गुडघा नव्हता, ओंडका नुसता. मांडीला जखमा व्हायच्या. एके दिवशी त्यांनी तो काढून भर बाजारात एस.टी.खाली टाकला आणि ड्रायव्हरला म्हणाले, “घाल चाक!” त्यानं घातलं.

इथं आमच्या गोदामात एक इजिप्तचा म्हातारा आहे. त्याला मांडीपासून पाय नाही, पण तो जिना चढतो. त्याचा पाय गुडघ्यात वाकतो, सुटतो, परत अडकतो. मी त्याच्याकडे इतका बघत बसलो की तो चिडला. मग त्याला खुणेनं सगळं सांगितलं, आणि तो पाय कोणत्या दवाखान्यात, कसा माप घेऊन बनवतात ते विचारून घेतलं. माप घ्यायला माणूसच समोर लागतो म्हणतात. म्हणजे कप्तानांना इथं आणावं लागेल. ते येणार नाहीत. शिव्या देतील. “कुनी मागितलाय रं पाय?” म्हणतील, हाताला येईल ते फेकतील.

फेकू देत. मी त्यांना आणणार आहे. किती वर्षं लागतील माहीत नाही, कसं जमेल तेही नाही, आणि मी घाबरट माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कप्तान, एवढं लिहून देतो: तो पाय मी तुमच्या मांडीला माझ्या हातानं बांधणार, आणि पौडच्या बाजारात तुम्ही त्यानं पहिली लाथ ज्याला घालाल, त्याच्या जागेवर मी येऊन उभा राहणार.